पट्टी धरून लिहिलेलं पत्र

१

पत्र निनावी होतं, पण निनावी पत्रांच्या मानाने फारच टापटिपीचं होतं. अशी पत्रं लिहिणारे लोक सहसा घाईत असतात, रागात असतात आणि कागद मिळेल तो घेतात. या पत्रातलं प्रत्येक अक्षर मात्र पट्टी धरून काढलेलं होतं. गोल अक्षरांनासुद्धा कोपरे फुटले होते. समास दोन्ही बाजूंनी सारखा होता, आणि घडी इतकी तंतोतंत होती की टेपबाईंनी सवयीने ती मोजूनही पाहिली.

‘लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई अपंग नवऱ्याची काळजी घेण्याचा भत्ता घेतात, पण काळजी घेत नाहीत. दर बुधवारी दुपारी दीड वाजता त्या नवऱ्याला एकटं टाकून जिना उतरतात. शाळेच्या भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसतात. पायात एकच चप्पल असते. सगळा वेळ केस विंचरत असतात. पावणेतीनला शाळेतली शिपाईण त्यांना घरी आणून सोडते. कोणीतरी येऊन बघावं.’

टेपबाई म्हणजे काळजी-भत्ता कार्यालयातल्या घरभेटीच्या बाई. खुर्ची दारातून जाते का, न्हाणीत वळते का, हे मोजायला त्यांच्या पर्समध्ये कायम मोजायची टेप असे, म्हणून हे नाव पडलं. बावीस वर्षांत त्यांनी इतकी घरं मोजली होती की डोळे मिटले की ती सगळी एकमेकांत मिसळायची. एकाच्या स्वयंपाकघरातून दुसऱ्याच्या न्हाणीत जाता यायचं, आणि तिथली खिडकी तिसऱ्याच्याच गल्लीत उघडायची. दुपारी बसमध्ये डुलकी लागली की त्या या भल्यामोठ्या घरातून हिंडत. कार्यालयातले लोक हसत, पण टेपबाईंचा त्या डुलकीवर फार भरवसा होता. जागेपणी जे माप जुळत नसे, ते तिथे बरोबर ठसठसायचं.

साहेबांना फाइल उघडी दिसली की चैन पडत नसे. ते म्हणाले, तक्रार आली की पंधरा दिवसांत जाऊन यावंच लागतं, आणि त्यातले दहा तर गेले. खरी निघाली तर भत्ता बंद, आणि सांभाळणारं कोणी नाही म्हणून नवऱ्याची रवानगी सरकारी निवासात. खोटी निघाली तर फाइल बंद.

“काहीतरी एक बंद करून या,” असं म्हणून त्यांनी पत्र पुढे सरकवलं.

सरकारी निवास शहराच्या बाहेर होता आणि तिथे नवराबायकोंना एकत्र ठेवत नसत. टेपबाईंनी तिथल्या खोल्याही मोजल्या होत्या. एका खोलीत तीन खाटा बसायच्या, चाकाची खुर्ची ठेवायला जागा नसायची. बसमध्ये बसल्यावर त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि शेवटच्या वाक्यापाशी अडखळल्या. सूड घ्यायला निघालेला माणूस ‘शिक्षा व्हावी’ म्हणतो, ‘पैसे वसूल करा’ म्हणतो. या माणसाला फक्त कोणीतरी यायला हवं होतं.

२

लाँड्रीची वाफ जिन्यातून वर चढत होती, आणि टेपबाई तिच्या मागोमाग. अठरा पायऱ्या होत्या. वर पोचेपर्यंत चष्म्यावर धुकं बसलं, त्यामुळे दार उघडणारी बाई त्यांना आधी नुसती पांढरी आकृती दिसली.

त्या काकू होत्या. सत्तरीच्या, गोऱ्या, चापूनचोपून वेणी घातलेल्या, खांद्यावर जाडसर शाल. त्यांच्यामागे चाकाच्या खुर्चीत त्यांचे यजमान. ते एकेकाळी मोठ्या शिवणकारखान्यात कटिंग मास्तर होते, आणि पाय जाऊन अकरा वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. गेल्या सहा वर्षांत ते या अठरा पायऱ्या उतरलेले नव्हते.

“या ना, बसा,” काकू म्हणाल्या. “चहा घेणार?”

टेपबाई हो म्हणाल्या. मास्तर खुर्ची वळवून शेगडीपाशी गेले, सदऱ्याच्या खिशातून शेगडीचं बटण काढलं आणि दांड्यावर बसवलं. ते सैल झालंय, सारखं पडतं, म्हणून खिशात ठेवतो, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. चहा झाल्यावर बटण पुन्हा खिशात गेलं.

काकूंनी भराभर सगळं सांगितलं. सकाळी यांना उठवायचं, अंग पुसायचं, खुर्चीत बसवायचं, जेवण भरवायचं. “माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसणं इतकं गोड की टेपबाईंनाही हसू आलं. मग काकूंनी चहा घेणार का म्हणून विचारलं. टेपबाईंच्या हातात अर्धा कप होता.

मास्तरांनी काळजी-वही पुढे केली. भत्ता घेणाऱ्याने रोज काय काय केलं ते या वहीत लिहायचं आणि तीन महिन्यांनी कार्यालयात द्यायचं, असा नियम होता. काकूंचं अक्षर बारीक आणि किंचित मागे झुकलेलं होतं. ‘सोमवार. अंग पुसलं. उशा उन्हात घातल्या. चाकांत हवा भरली.’ पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्याही सोमवारी तेच. एक दिवस चुकलेला नाही, एक खाडाखोड नाही.

टेपबाईंनी घर मोजायला घेतलं. हे करताना त्या अर्धवट तंद्रीतच असत. हात टेप ओढत, डोळे भलतीकडेच फिरत. दाराला वरची कडी होती आणि खाली, जमिनीपासून हातभर अंतरावर, आणखी एक. खालच्या कडीचे स्क्रू नवेकोरे चकाकत होते. काकूंच्या शालीच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने काहीतरी शिवलेलं होतं, फार सुरेख हातशिलाईने, आणि काकू ते बोटाने चाचपत होत्या.

“काकू, शालीवर काय शिवलंय हो?” टेपबाईंनी सहज विचारलं.

काकूंनी कोपरा उलटून पाहिला. बराच वेळ पाहिला.

“पत्ता आहे कोणाचातरी,” त्या म्हणाल्या.

३

पत्र लिहिणारा शोधायचा म्हणजे पत्रातलं सगळं कोणाला माहीत असेल ते शोधायचं. टेपबाई आधी खाली उतरल्या.

लाँड्रीवाला पोटाने गोल आणि स्वभावाने चौकोनी होता. इस्त्री चालवत चालवत, वर न बघता उत्तरं देत होता. वरची खोली त्याला गोदामाला हवी होती, हे त्याने लपवलं नाही. पण मास्तरांनी आपल्या लग्नाचा कोट शिवलाय, आणि तो अजून होतो, एवढं सांगून त्याने पोट आत ओढून दाखवलं. खालची कडी कोणी बसवली असं विचारल्यावर इस्त्री थांबली. आपणच बसवली, म्हणाला, मास्तरांनी सांगितलं म्हणून, दहा-बारा दिवस झाले असतील. कशासाठी ते आपण विचारलं नाही. काकू खाली येतात का, या प्रश्नावर तो म्हणाला की यायच्या, रोज यायच्या, हल्ली दिसल्या नाहीत. आपण दारातच असतो, ‘काकू, वर चला, मास्तर हाक मारतायत’ म्हटलं की शहाण्यासारख्या परत फिरायच्या.

“बुधवारी?” टेपबाईंनी विचारलं.

“बुधवारी लाँड्री बंद असते,” तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून इस्त्री पुन्हा जोरजोरात चालवू लागला.

समोरच्या दारात राहणारी बाई थिएटरात तिकिटं फाडायची. तिचं मास्तरांशी पटत नसे. खुर्चीची चाकं सकाळी सहापासून डोक्यात घरघरतात, आणि ते तर दिवसभर इकडून तिकडे फिरतच असतात, असं तिचं म्हणणं. तक्रार करायची असती तर आपण सही ठोकून केली असती, असंही ती म्हणाली, आणि टेपबाईंना ते खरं वाटलं. बुधवारी तिची दुपारच्या खेळाची पाळी असे. बारालाच घर सोडायची ती साडेचारला परतायची.

तिसरी होती काकूंची धाकटी बहीण. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि फक्त रविवारी यायची. ताईला आपल्याकडे न्यावं असं तिच्या मनात होतं. ताई थकली आहे, ताईने त्या माणसासाठी जन्म घालवला, आता बस झालं. बोलता बोलता तिचे डोळे भरले. मागच्या रविवारी ताईने आपल्याला मावशी म्हणून हाक मारली, ती म्हणाली. भावजी म्हणाले, चेष्टा करतेय. बुधवारच्या हजेरीचं तिचं पुस्तक टेपबाईंनी पाहिलं. एकही खाडा नव्हता.

राहिली शाळेची शिपाईण. तिने काकूंना आणून सोडल्याचं लगेच कबूल केलं. पण अडीचची घंटा देऊन पोरं बाहेर काढल्याशिवाय तिला फाटक सोडता येत नसे. काकू बाकावर कधी येऊन बसतात, जिना किती वाजता उतरतात, हे तिला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. लाँड्रीचं दार शाळेच्या फाटकातून दिसतही नव्हतं.

म्हणजे हिशेब असा उरला की पत्र लिहिणाऱ्याने बुधवारी दीड ते पावणेतीन, सव्वा तास सलग, काकूंवर नजर ठेवली होती. आणि त्या सव्वा तासात तिथे कोणीच नव्हतं.

४

परतीच्या बसमध्ये टेपबाईंचे डोळे मिटले आणि त्या नेहमीच्या घरात शिरल्या. लांबच लांब बोळ होता, दोन्ही बाजूंनी दारं, वाफ. कुठूनतरी पंप मारल्याचा आवाज येत होता, फुस्स, फुस्स, फुस्स. एका खोलीत काकू वाकून खुर्चीच्या चाकात हवा भरत होत्या. किती भरली तरी चाक हूं की चूं करत नव्हतं. ‘भरलीच जात नाही हो,’ काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, ‘चहा घेणार?’

टेपबाई खाडकन जाग्या झाल्या. स्टॉप निघून गेला होता. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मास्तरांची खुर्ची गेल्या वर्षी कार्यालयाने बदलून दिली होती. पावतीवर सही टेपबाईंचीच होती. नव्या खुर्चीची चाकं भरीव रबराची होती. त्यांत हवा भरायचीच नसते. मग गेलं वर्षभर दर सोमवारी काकू कशात हवा भरत होत्या?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दप्तरातून जुन्या वह्या काढल्या. दोन वर्षांपूर्वीची वही आणि या वर्षीची वही त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. सोमवारला सोमवार, मंगळवारला मंगळवार जुळत होता. जुन्या वहीत शब्द कधी चुकलेले, कधी शाई सांडलेली, एका पानावर दुधाच्या हिशेबाची ओळ. नवीन वहीत तेच शब्द, तेच झुकलेलं अक्षर, पण सगळं ओळीत आणि स्वच्छ. कोणीतरी जुनी वही समोर ठेवून नवीन बेतली होती. हात इतका तयार होता की अक्षर हुबेहूब उतरलं होतं. आणि कारागीर इतका इमानदार होता की मूळ कापडावरची गरज नसलेली चुणीसुद्धा त्याने सोडली नव्हती.

आता टेपबाईंना बरंच कळलं होतं. फक्त पत्र कोणी लिहिलं ते कळायचं होतं. त्याच दिवशी, बुधवारी, दुपारी सव्वा वाजता त्या पुन्हा अठरा पायऱ्या चढल्या.

त्या दिवशी लाँड्री बंद होती, जिना कोरडा आणि शांत होता. मास्तरांनी खालची कडी काढून दार उघडलं, काकू खाटेवर झोपल्या होत्या. खिडकीवर उन्हासाठी पत्रा बसवलेला होता. घरमालकाने तो इतका खाली उतरवला होता की उभ्या माणसाला नुसता पत्राच दिसावा. टेपबाई खिडकीशी उभ्या राहिल्या तर नाकासमोर गंजाचे डाग. मास्तरांनी त्यांना बसायला शिवणाचं बुटकं स्टूल दिलं, स्वतः खुर्ची जरा बाजूला घेतली, आणि टेपबाई वही मांडीवर घेऊन बसल्या.

त्यांनी मान वर केली. पत्र्याच्या खालच्या काठाखाली रस्ता उलगडला होता. वळण, शाळेची भिंत, भिंतीलगतचा बाक. बाकाची सुटलेली फळीसुद्धा मोजता येत होती.

५

“मास्तर,” टेपबाई म्हणाल्या, “या घरात उभ्याने काहीच दिसत नाही.”

काकूंच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

टेपबाईंनी सावकाश, एकेक टाका उसवावा तसं सांगायला घेतलं. शेगडीचं बटण सैल नव्हतं, ते घट्ट बसलं होतं, त्यांनी चहाच्या वेळी पाहिलं होतं. शेगडी कोणी नको तेव्हा पेटवू नये म्हणून ते खिशात होतं. खालची कडी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला येते, आणि उभ्याने वावरणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही. शालीवरचा पत्ता कसबी शिंप्याने शिवलाय, आणि ज्याला घर सापडत नाही त्याच्याच अंगावर पत्ता शिवतात. वही काकूंनी लिहिलेली नाही. समोरच्या बाईंना खुर्ची दिवसभर फिरताना ऐकू येते, आणि ज्याचं पान हलत नाही तो माणूस दिवसभर फिरत नसतो. या घरात काळजी घेतली जाते, अगदी डोळ्यांत तेल घालून घेतली जाते. फक्त आमच्या कागदावर ती उलटी लिहिली आहे.

“आणि बुधवारी लाँड्रीवाला खाली नसतो, म्हणून काकू निसटतात. त्या वेळी सव्वा तास त्यांच्याकडे बघत बसणारा माणूस एकच आहे. तो खाली उतरू शकत नाही, म्हणून बघतच बसतो. पत्र तुम्ही लिहिलंत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पट्टी धरलीत, पण कटिंग मास्तरला वाकडा कागद कापवत नाही. आणि ते कपड्यांच्या गाठोड्यातून खाली पाठवलंत, लाँड्रीवाल्याने पेटीत टाकलं. तो बिचारा काल माझ्या नजरेला नजर देत नव्हता.”

मास्तरांनी खिशातलं बटण काढलं आणि तळहातावर फिरवत राहिले. मग ते बोलू लागले, हळू, काकूंची झोप मोडू नये म्हणून.

अडीच वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आधी शब्द गेले, मग वार, मग रस्ते. त्यांनी रीतसर अर्ज केला होता, आता आधार हिला लागतो म्हणून. त्याला चौदा महिने झाले. तीन पोचपावत्या आल्या आणि एक छापील उत्तर, की ज्याला स्वतःला आधार लागतो त्याची नोंद दुसऱ्याचा आधार म्हणून होऊ शकत नाही. त्याच कागदाच्या पाठीमागे बारीक टायपात लिहिलं होतं की तक्रारीची चौकशी पंधरा दिवसांत केली जाते.

“अर्जाला पावती येते, तक्रारीला माणूस येतो,” मास्तर म्हणाले. “मला माणूस हवा होता. म्हणून तक्रार केली. तिच्याविरुद्ध केली, कारण कागदावर तीच होती.”

टेपबाईंनी विचारलं, मग वह्या का भरल्या. मास्तर म्हणाले, वही गेली नाही तर भत्ता थांबतो आणि निवासाची गाडी येते. शिवाय आपण जे करतो ते लिहायला त्या वहीत रकाना नाही.

“गेल्या महिन्यापर्यंत निभावलं हो मी. पण आता खांदे साथ देत नाहीत. कडी लावून घेण्याआधीचा शेवटचा बुधवार. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. समोरून ट्रक. मी इथून ओरडत होतो, आवाज पत्र्यावर आपटून माझ्याच अंगावर येत होता. ट्रकवाला भला होता, थांबला. त्या दिवशी संध्याकाळी पट्टी काढली मी.”

मग मास्तर बायकोकडे बघत म्हणाले, “सगळं विसरली. बहिणीला विसरली. पण मला ओळखते. ‘अहो’ म्हणते ना, त्यात मी असतो. तेवढ्यावर चाललंय.”

टेपबाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. चष्मा पुसून त्या म्हणाल्या की एक जुना नियम आहे, ‘एकत्र घर’ नावाचा. कोणी वापरत नाही, कारण कोणाला माहीत नाही. एका घरात दोघांनाही आधार लागत असेल आणि त्यांतला एक दुसऱ्याला सांभाळत असेल, तर दोघांना वेगळं करता येत नाही. रोज निम्मा दिवस सरकारी मदतनीस घरी येते. साहेबांनासुद्धा त्याला नाही म्हणता येणार नाही.

“पण एक अट आहे,” त्या म्हणाल्या. “सांभाळणाऱ्याचा शब्द चालत नाही. काकूंनी स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं की त्यांची काळजी कोण घेतं. प्रश्न एकदाच विचारायचा. समजावून सांगायचं नाही. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही.”

मास्तरांचा चेहरा पडला. काकू काय उत्तर देतील ते दोघांनाही ठाऊक होतं. त्या दर वेळी तेच देत होत्या.

६

काकू तीन वाजता उठल्या. उठल्यावर बराच वेळ त्या कुठल्यातरी दुसऱ्याच घरात असल्यासारख्या बसून राहिल्या. मास्तरांनी त्यांचं तोंड पुसलं, केस विंचरले, वेणी घातली. शिंप्याची बोटं, तिन्ही पेड सारखे आले. मग त्यांनी खुर्ची दोन हात मागे घेतली आणि हात मांडीवर ठेवले.

टेपबाईंनी नमुन्याचा कागद काढला. त्यांना आठवत होतं की बावीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न फक्त दोनदा विचारला होता, आणि दोन्ही वेळा उत्तर आलं नव्हतं.

“काकू,” त्या म्हणाल्या, “तुमची काळजी कोण घेतं?”

काकू हसल्या, तेच गोड हसू. “मला कोण लागतंय? मीच तर...” आणि त्या थांबल्या.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. ‘स्वतःच’ असं लिहायचं की नाही, ते टेपबाईंच्या हाताला कळेना. उत्तर पुरं होईपर्यंत थांबावं, असं नियमात लिहिलेलं होतं. किती थांबावं ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्या थांबल्या.

काकू शालीकडे बघत होत्या. मग वेणी पुढे घेऊन तिचं टोक चाचपलं. मग त्यांची नजर खोलीत फिरत फिरत खुर्चीवर येऊन थांबली, आणि तिथेच राहिली. कपाळावर आठी पडली. गर्दीत ओळखीचं कोणी दिसावं आणि कुठे भेटलो ते आठवू नये, तसा त्यांचा चेहरा झाला.

“हे,” त्या बोट दाखवून म्हणाल्या.

टेपबाईंनी श्वास सोडला. पण काकूंचं झालं नव्हतं. त्या टेपबाईंच्या कानाशी वाकल्या आणि आवाज खाली घेतला, त्या गृहस्थांना ऐकू जाऊ नये म्हणून. खोली लहान होती.

“हे कोण ते मला नक्की नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. “विचारायला संकोच वाटतो. पण दिवसभर हेच असतात.”

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. टेपबाईंना त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी कागदावर नजर लावली आणि भराभर लिहायला घेतलं. काळजी घेणाऱ्याचं नाव, मग नातं. पुढे किती तासांचा रकाना होता, तिथे त्यांनी ‘दिवसभर’ लिहिलं. खाली काकूंचं म्हणणं लिहायला चार ओळींची जागा होती. तिथे त्यांनी ‘बोट दाखवून सांगितलं’ एवढंच लिहिलं, आणि पुढचं वाक्य लिहावं की नाही या विचारात त्या थांबल्या. नियमाला तेवढं पुरत होतं. बाकीचं गाळलं असतं तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

“लिहा,” मास्तर म्हणाले. आवाज बसला होता. “तिने सांगितलंय तसंच लिहा. काही गाळू नका.”

टेपबाईंनी सगळं वाक्य लिहिलं आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी सही केली, पेन परत दिलं आणि खुर्ची पुढे घेतली. काकूंनी त्यांना अदबीने विचारलं, चहा घेणार का. मास्तर म्हणाले, “हो, घेईन ना,” आणि शेगडीकडे वळले.